रंग निघत नाही, अशी तक्रार

दिवाळी जवळ आली की अजूनही ओळखीचे लोक येतात आणि विचारतात, "पेंटरभाऊ, यंदा घराला आपल्या हातानेच रंग द्यायचा म्हणतोय. काय काय चुका टाळाव्यात?" मला मोठं बरं वाटतं. या विषयात माझा अधिकार मोठा आहे. पालघरपासून तारापूरपर्यंतच्या पट्ट्यात भिंतीच्या बाबतीत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या मी करून पाहिल्या आहेत, त्याही दुसऱ्यांच्या भिंतींवर आणि त्यांचाच चहा पिऊन. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून नुसतं तोंडाने काम करतो.

माझं गाव माकुणसार. घरची वाडी होती, केळीची आणि पानवेलीची, पण तिच्यात राबायला थोरले भाऊ पुरेसे होते. त्यांच्या मते मी वाडीत नसलो की काम जास्त व्हायचं. सत्तरच्या दशकात बोईसरला कारखाने उभे राहायला लागले तसा मी तिकडे गेलो. शेडचे खांब रंगवायचं काम घेतलेल्या एका कंत्राटदाराने विचारलं, "ब्रश धरता येतो का?" मी म्हणालो, येतो. दिवाळीच्या पाडव्याला घरच्या बैलांची शिंगं मीच रंगवायचो आणि बैलांनी कधी तक्रार केली नव्हती. तेवढ्या अनुभवावर मी पेंटर झालो.

तिथेच मला रामसूरत भेटला. उत्तर प्रदेशातून आलेला, माझ्याच वयाचा, हाडापेराने मजबूत आणि स्वभावाने इतका होकारी की कोणी भिंत आतून रंगवायला सांगितली असती तरी "हो जाएगा" म्हणाला असता. काही वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून घरांची कामं घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाशी मी बोलायचो, तो मागून "हो जाएगा" म्हणायचा. त्यामुळे आमची एकही चूक कधी अर्धवट राहिली नाही.

सुरुवातीचं एक काम बोईसरमधल्या नव्या जोडप्याच्या घराचं होतं. त्यांना राहायला जायची घाई, आणि आपल्या हातात काम आहे हे जगाला दाखवायची आम्हाला घाई. गिलावा अजून हाताला गार लागत होता. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गिलावा गार लागतो याचा अर्थ त्याच्या पोटात पाणी आहे, आणि ते आज ना उद्या बाहेर येणारच. त्यातून आमच्याकडे तेव्हा बरीच बांधकामं खाडीच्या रेतीत व्हायची, म्हणजे पाण्याबरोबर मीठही आलं. आम्ही वरून सुरेख गुलाबी डिस्टेंपर फासला. महिन्याभरात भिंतीवर कापसासारखं पांढरं काहीतरी फुललं. त्याला लोणा लागणं म्हणतात. त्या घरातल्या वहिनी रोज सकाळी केरसुणीने भिंत झाडायच्या आणि दुसऱ्या दिवशी लोणा परत हजर. मला बोलावलं. मी गंभीर चेहऱ्याने भिंतीवर टिचकी मारली आणि सांगितलं, आणखी एक हात मारला की दबेल. "हो जाएगा," रामसूरत म्हणाला. झालं नाही.

रंग निवडण्यातली चूक निराळी. दुकानात रंगांचं कार्ड असतं, त्यावर प्रत्येक रंगाचा नखाएवढा तुकडा. तो चार भिंतींवर चढला की दुप्पट गडद दिसतो, कारण भिंती एकमेकींवर रंग टाकतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पालघरच्या एका मास्तरांना मी मोठ्या आत्मविश्वासाने हळदीसारखा पिवळा निवडून दिला. "घर उजळेल," म्हणालो. उजळलं, इतकं की खोलीत बसलेला प्रत्येक माणूस कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला. मास्तरांच्या मुलीला बघायला पाहुणे आले त्यांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि उठून गेले. पुढच्या पाहुण्यांना मास्तरांनी ओटीवरच बसवलं, आणि तिथे लग्न ठरलं. मला पत्रिका आली नाही.

असं करत करत शिकलो. रंगाचं काम म्हणजे मुळात रंग लावायचं काम नव्हेच. खरवडायचं, घासायचं, भेगा भरायच्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे भिंत सुकायची वाट बघत थांबायचं. रंग चढतो तो अगदी शेवटी, थोडा वेळ. घरमालक नेमका तेवढाच वेळ येऊन बघतो आणि म्हणतो, एवढंच ना, हे तर मीही करीन. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशेवटाला आमचं नाव झालं होतं. मी लावलेला रंग निघत नाही, असं मी आधीपासूनच सांगत आलो होतो, पण आता ते खरंही असायचं. माझ्या डोक्यात हवा गेली.

त्या हवेच्या दिवसांत एडवणचा हरेश माझ्याकडे आला. कोळ्याचा मुलगा, बोईसरला एका कारखान्यात पाळीवर जायचा. म्हणाला, "पेंटरकाका, बाबांनी बोट विकली, पन बोटीचा रंग नाय सोडला. सगळं गर निळं, वर पिवळा पट्टा, आनी पोपडे तर विचारू नका. माजं लगीन ठरतंय. दोस्त बोलतात, हरेश, तुमी गरात राहता का होडीत? एकदाच पक्कं करून द्या."

आमच्या किनाऱ्याची ही खास चूक. पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्या पुन्हा उघडतो, त्याआधी प्रत्येक बोट खरवडायची, तिला तेल पाजायचं आणि तिच्या मालकाचे ठरलेले रंग द्यायचे, म्हणजे लांबूनही बोट कोणाची ते कळतं. डब्यात रंग उरतो. तो टाकवत नाही, मग घराच्या भिंतीला जातो. आता बोटीचा रंग तेलाचा, लाकडासाठी केलेला. तो चुन्याच्या भिंतीवर चढवला की भिंतीचं तोंडच बंद होतं. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि रंगाला ढकलते. आधी फुगे येतात, मग पोपडे. एक पावसाळा गेला की भिंतीला नायटा झाल्यासारखा दिसतो.

मी एडवणला गेलो तेव्हा हरेशचा बाप, जगू तांडेल, दारापुढे उलट्या पिंपावर बसून भिंत खरवडत होता. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, त्याच्या शब्दावर खलाशी चालणार. पण याचा एक गुडघा बोटीवर पडून कायमचा आखडला होता. म्हणून बोट विकावी लागली. सातपाटीच्या कोणीतरी ती घेतली आणि हिरवी करून टाकली. बाजूला हिरामावशी, त्याची बायको, विकायचे सुके बोंबील निवडत होती.

"तांडेल, हा रंग भिंतीचा नाही," मी सुरुवात केली.

"मंग कोनाचा?"

"बोटीचा."

"माजा हाय," तो म्हणाला.

मग मी त्याला ओल, चुना, तेल, सगळं समजावून सांगितलं. हातवारे करून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रंग वरसाचा असतो. वरसानं काडायचा, वरसानं लावायचा. काडला नाय तं बोट कुजंल."

"पण ही बोट नाही ना, भिंत आहे."

यावर तो गप्प झाला आणि मला वाटलं, पटलं. मी वादात जिंकलो असं मला वाटतं तेव्हा समोरचा माणूस बहुतेक वेळा कंटाळलेला असतो, हे माझ्या बायकोने मला अनेकदा सांगितलं आहे.

हरेशचा आग्रह होता, बाप गप्प होता, काम सुरू झालं. खोटं कशाला बोलू, तेवढं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. खारावलेला सगळा गिलावा काढला. नदीची रेती आणून नवा केला. तो गार लागायचा बंद होईपर्यंत, पार वैशाखाच्या उन्हापर्यंत, आम्ही थांबलो. हरेश पाळी सुटली की रोज विचारायला यायचा आणि मी रोज त्याला परत पाठवायचो. मग भिंतीतली ओल बाहेर पडू देणारा सिमेंटचा रंग निवडला. निळा मात्र तोच मिळवला, वरचा पिवळा पट्टाही तसाच दोरी लावून आखला, कारण तांडेलाची तेवढीच अट होती. काम संपलं तेव्हा रामसूरत दोन पावलं मागे सरून बघत राहिला. म्हणाला, "सेठ, इस बार तो सच में हो गया।"

हरेशचं लग्न त्या भिंतींपुढे झालं. पावसाळा आला, गेला. पोपडा सोडा, साधा डाग नाही. मी गिऱ्हाइकांना केळव्याहून, सफाळ्याहून तिथे घेऊन जायचो आणि भिंतीवरून हात फिरवून दाखवायचो. ओट्यावर बाजेवर तांडेल बसलेला असायचा. "काय तांडेल, आहे की नाही?" मी विचारायचो. "हाय," तो म्हणायचा. मला ते कौतुक वाटायचं. भिंतीला नुसता तळवा लावून ओल ओळखणारा मी, त्या बाजेवरच्या माणसाकडे एकदाही धड पाहिलं नाही.

आणखी एक पावसाळा लागला. आषाढात एक दिवस हिरामावशी माझ्या बोईसरच्या खोलीवर आली. बाजारात सुकी मासळी विकायला ती यायची. टोपली दाराशी ठेवली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "पेंटरबाऊ, तुजा रंग निगत नाय."

मी खुशीत हसलो. "मावशी, तो निघणारच नाही!"

"हसतंस काय? मी भांडाया आले."

तिला बसायला स्टूल दिलं, पण ती जमिनीवरच बसली. आधी माझ्या कामाला, मग मला, मग तिच्या मुलाला तिने चार शब्द ऐकवले. नंतर आवाज खाली आला.

"बोट इकली तवा मानूस रडला नाय. का? तं गराची भीत होती. आकाड लागला का खरवडायची पत्ती घेऊन बसायचा. आळीतली पोरं जमायची. त्यांना शिव्या द्यायचा, कामाला लावायचा, खलाशीच जसे. पुनव येईपावत गर कसं भरलेलं असायचं. आता दोन वरसं भिंतीकडं बगत बसतो. नखानं उकरतो. निगत नाय. जेवाया बोलावलं तं बोलतो, भूक नाय. काल मला इचारतो, हिरा, आता माजं काय काम हाय गो?"

ती रडायला लागली. बाजेवरून आलेला तो "हाय" मला आता कुठे नीट ऐकू आला.

"मी येतो आणि खरवडून देतो," मी म्हणालो.

"तू कशाला? त्यालाच खरवडू दे. तू वरून असा रंग लाव का पुडच्या पावसात निगल."

"मग त्यांनीच का नाही बोटीचा रंग लावला?"

"पोरानं हौसेनं केलंय, बाऊ. हात लावायचा नाय बोललाय. पोराचं मन कसं मोडंल बाप? मी हरेसला सांगन, पेंटर बोलला, वरून एक हात मारला नाय तं टिकायचा नाय." मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "तुला येतंय ना वाईट काम?"

येत होतं. पण मधल्या वर्षांत ते विसरायला मी किती कष्ट घेतले होते!

रामसूरतला मी योजना सांगितली. ओली भिंत, वर चुना, चुना वाळायच्या आत बोटीचा तेलरंग, प्रायमर नाही, घासणं नाही. त्याने डोक्याचं मुंडासं काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "ये नहीं होगा, सेठ. मेरे हाथ से नहीं होगा." मग मी त्याला तांडेलाचं सांगितलं. त्याने बिडी पेटवली. त्याचा बाप गावी असाच खाटेवर बसून असतो, एवढंच म्हणाला, आणि ब्रश पिशवीत भरायला लागला.

पावसाने उघडीप दिली तशी आम्ही एडवणला पोचलो. भिंत बाहेरून चिंब होती. मुद्दाम चूक करणं फार अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. हात आपोआप पॉलिश पेपरकडे जायचा, तो मागे ओढायचा. रामसूरत सवयीने भेग भरायला लागला, त्याला खेकसून थांबवावं लागलं. इतक्या वर्षांच्या चुका मी एकेक आठवून त्या भिंतीवर घातल्या, आणि मनातल्या मनात त्या बोईसरच्या वहिनींची माफी मागितली.

तांडेल बाजेवरून बघत होता. "भीत वली हाय रं," तो म्हणाला.

"नवीन रंग आहे, तांडेल. ओल्यावरच लावतात."

"कोन बोलला?"

"कंपनी."

"कंपनीचा बाप तरी कदी दर्यात गेलाय?" तो पुटपुटला आणि तोंड फिरवून बसला. शेजारच्या ओट्यावर एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या नव्या घराचं काम माझ्याशी जवळजवळ ठरलं होतं. ओल्या भिंतीवर चाललेला आमचा ब्रश त्यांनी पाहिला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ते काम गेलं, हे मला तिथेच समजलं.

एरवी लावलेला रंग निघेल की काय, या काळजीने माझी झोप उडायची. त्या वर्षी निघाला नाही तर काय, म्हणून उडाली. उन्हाळाभर भिंत तशीच गुळगुळीत आहे असं हिरामावशी बाजारात भेटली की सांगायची आणि माझ्याकडे संशयाने बघायची. वाईट कामसुद्धा धड जमलं नाही तर तोंड कुठे लपवणार? मृग लागला, पाऊस चांगला झाला. आषाढात न राहवून मी एडवणची वाट धरली.

घर दिसायच्या आधी आवाज आला. "ए, वरचा पट्टा कोन काडनार? तुजा आजा?" पुढे गेलो. भिंत फुग्यांनी आणि पोपड्यांनी भरून गेली होती. पिंपावर तांडेल बसला होता, हातात पत्ती, मिशीवर निळे कण. आळीतली पोरं शिडीवर, जमिनीवर, जिथे तिथे खरवडत होती, आणि हा त्यांना खालून हुकूम सोडत होता. त्याने मला पाहिलं आणि एक पाय ओढत उभा राहिला.

"ये! ये, बग तुजं काम! वली भीत हाय बोललो तं कंपनी बोलते! अरं, माज्या बोटीवर असा रंग लावला असतास तं तुला बांदून मदल्या दर्यात सोडला असता. मिस्त्री हायस का गाडव?"

आळीतली माणसं ओट्यांवर येऊन ऐकत होती. त्यात ते काम काढून घेतलेले गृहस्थही होते. "हात दाखवून अवलक्षण," असं कुणा बाईने मागून म्हटलेलं मी ऐकलं. हरेश नुकताच पाळीवरून आलेला, दारात उभा होता. माझ्याकडे बघायलाही त्याला लाज वाटत होती.

"चुकलं, तांडेल," मी म्हणालो.

"चुकलं बोलून भीत साफ व्हते काय? बस हितं. धर पत्ती." त्याने मला खाली बसवलं. मी खरवडायला लागलो, तर मागून पुन्हा, "असा नाय, खालून वर काड! येवढी वरसं काय केलंस रं?" हिरामावशी चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिकडे तांडेल तिच्यावर ओरडला, आज जेवन कदी गावनार हाय, आणि ती पदर तोंडाला लावून घाईघाईने आत पळाली.

त्या गावात मला पुन्हा कोणी भिंत दाखवली नाही. हरेशने बोईसरच्या नाक्यावर माझ्याबद्दल काय काय सांगितलं ते मला बायकोकडून कळलं. खरं कारण त्याला मी सांगितलं नाही, आणि त्याच्या आईनेही नाही. तांडेल त्यानंतर दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी स्वतः बोटीचा रंग लावायचा, तो दर पावसात निघायचा, आणि त्याचं सगळं खापर माझ्या त्या एका हातावर फुटायचं. खालचं कामच कच्चं, वर काय टिकनार, असं तो साऱ्या गावाला सांगायचा. आषाढ लागला की हिरामावशीबरोबर मला निरोप यायचा, तुजी घान निस्तराया ये. मी पत्ती पिशवीत टाकायचो, जायचो, आणि पोरांच्या रांगेत बसून शिव्या खायचो. तांडेल होता तोवर मी एकही वर्ष चुकवलं नाही.